गोव्यातल्या फुटबॉलवेड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर फोंड्याला. घाटावरचे पाहुणे डिसेंबरात येतात, मंगेशी-शांतादुर्गा करून घेतात, आणि संध्याकाळी मी एफसी गोवा क्लबचा नारिंगी टी-शर्ट चढवून बाहेर पडायला लागलो की हमखास विचारतात, "तुमच्याकडे क्रिकेट नाही का?" आहे की. पण ते वेगळं आणि हे वेगळं. दर वर्षी तीच उत्तरं द्यायची, म्हणून एकदाच लिहून काढली. मी मूळचा धेंपोवाला, म्हणजे धेंपो क्लबचा समर्थक, हे आधीच सांगून ठेवतो. समोरच्या साळगावकर क्लबवाल्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

गोव्यात फुटबॉल पोर्तुगिजांनीच आणला ना?

सगळे तसंच धरून चालतात. आणला एका आयरिश पाद्रीने. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स १८८३ साली प्रकृतीला उतार पडावा म्हणून शिवोलीला आले आणि शाळेतल्या पोरांना चेंडू देऊन मोकळे झाले. तिथून तो शाळांतून, सेमिनारीतून, चर्चच्या आवारातून गावोगाव पसरला. मैदान शोधायची गरज नव्हती. भात कापून झालं की शेत रिकामं, दोन बांबू रोवले की गोलपोस्ट. बांधावर उभे राहून बघणारे तेच आमचे पहिले प्रेक्षक.

क्लब पुढे आले. वास्को स्पोर्ट्स क्लब १९५१चा. साळगावकर १९५६चा, तेव्हा त्याचं नाव विमसन होतं. गोवा फुटबॉल असोसिएशन २२ डिसेंबर १९५९ रोजी पोर्तुगीज नावाने स्थापन झाली आणि गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. म्हणजे आमच्याकडे फुटबॉलची संघटना आधी आणि स्वातंत्र्य नंतर.

हा सासष्टी-बार्देसच्या ख्रिस्ती लोकांचा खेळ, तुम्ही मराठी बोलणारे त्यात कधी शिरलात?

प्रश्न जरा टोचतो, पण तो विचारतात म्हणून उत्तर देतो. सुरुवात चर्चभोवती झाली, यात वाद नाही. पण ताळगावचा ब्रह्मानंद संखवाळकर भारताचा गोलकीपर आणि कर्णधार झाला, त्याला कोणी जात-धर्म विचारला नाही. त्याला १९९७चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली पद्मश्री. दुसरं नाव भाऊसाहेब बांदोडकरांचं. पहिले मुख्यमंत्री, स्वतः खाणमालक आणि खेळाचे शौकीन. १९७० साली बांदोडकर सुवर्णचषक सुरू झाला. पणजीला कांपालच्या मैदानावर बाहेरचे संघ येऊन खेळू लागले आणि त्यांच्यासाठी डिचोली-पेडण्यापासून माणसं ट्रकमधून येऊ लागली. भाऊसाहेबांच्या नावाचा करंडक म्हटल्यावर आमच्या गावचा एकही बाप्या घरी थांबत नसे, असं बाबा सांगायचे. फुटबॉल सगळ्या गोव्याचा झाला तो त्या कांपालच्या धुळीत, हे माझं मत. कुणी खोडून काढलं तरी मी बदलणार नाही.

गोव्यात माणूस एखाद्या क्लबचा होतो तो कशावरून?

हा खरा प्रश्न आहे आणि इथेच बाहेरच्यांचा घोटाळा होतो.

कोल्हापूरकरांना चटकन समजतं. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमी आहेत. पेठ ठरली की तालीम ठरली आणि तालीम ठरली की शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसायचं तेही ठरलं. आमच्याकडे खालच्या पातळीवर तसंच आहे. गावाचा क्लब, वाड्याचा क्लब, आणि दोन शेजारच्या गावांच्या सामन्यात जी तोंडं सुटतात ती राष्ट्रीय लीगमध्येही सुटत नाहीत.

पण मोठे क्लब गावांचे नव्हते, ते कंपन्यांचे होते. धेंपो, साळगावकर, सेझा या खनिजाच्या धंद्यातल्या पेढ्या. मुरगाव बंदराचाही संघ होता. खेळाडूला कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी सराव. आता कंपनीच्या नावाला टाळ्या कोण वाजवणार? तिथे कामाला असलेले वाजवतील फार तर. बाकीच्यांना त्या नावाशी जोडलं ते खेळाडूने. आपल्या गावचा मुलगा धेंपोने उचलला की सगळा वाडा धेंपोचा. दोन मोसमांनी तो साळगावकरकडे गेला की अर्धा वाडा त्याच्यामागे तिकडे आणि उरलेला अर्धा "पैशांसाठी गेला" म्हणून त्याच्यावर रागावलेला.

म्हणून कोलकात्याचे लोक आम्हाला नावं ठेवतात, की गोव्याच्या माणसाला क्लबची निष्ठा नाही. त्यांचं मोजमाप मोहन बागान-ईस्ट बंगालचं. आमची निष्ठा माणसावर असते आणि माणूस ज्या मातीतला असतो त्या मातीवर. क्लब मागाहून येतो. आणि एकदा आला की मग पिढी बदलली तरी जात नाही.

मग धेंपो-साळगावकर वैर खरं होतं की पेपरवाल्यांनी वाढवलेलं?

आमच्या घरापुरतं तरी शंभर टक्के खरं होतं. बाबा धेंपोवाले, धाकटे काका वास्कोला राहिले म्हणून साळगावकरवाले. चतुर्थीला सगळे मूळ घरी जमायचे. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधताना दोघं दोन बाजूंच्या स्टुलांवर उभे. एकाच्या हातात नारळांचा घड, दुसऱ्याच्या हातात सुपाऱ्यांचा घोस, आणि वाद चालू, की १९८८ आणि १९८९ असे लागोपाठ दोन फेडरेशन कप साळगावकरने जिंकले तेव्हा धेंपोवाले कुठे तोंड लपवून बसले होते. बाबा १९७०च्या दशकाच्या अखेरीचा रोव्हर्स चषक बाहेर काढायचे. आई खालून ओरडायची, "आधी गाठ मारा, मग कप मोजा!" १९९८-९९ची राष्ट्रीय लीग साळगावकरने घेतली, गोव्याच्या क्लबने पहिल्यांदाच. त्या वर्षी काकांनी माटोळीला हिरवं-पांढरं कापड बांधलं. देवासमोर भांडण नको म्हणून बाबा गप्प राहिले. पण दीड दिवसाचं विसर्जन झालं त्या संध्याकाळी त्यांनी आधी ते कापड सोडलं.

मुंबईचे गोंयकारही समर्थक होते म्हणतात?

होते, आणि कदाचित सगळ्यांत निष्ठावंत तेच. धोबीतलावला गोंयकारांच्या कुडी होत्या. एकेका गावाची एकेक कूड, तिथे बोटीवर जाणारे आणि नोकरी शोधणारे राहायचे. गोव्याचा संघ रोव्हर्स चषकासाठी मुंबईच्या कूपरेज मैदानावर उतरला की कुडी रिकाम्या व्हायच्या. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचाच गोंयकार. तेव्हा गोवा भारतात नव्हता, पण गोंयकार भारताकडून हॅट्ट्रिक करत होता.

समर्थक म्हणून तुमचा सगळ्यांत वाईट दिवस कुठला?

५ डिसेंबर २००४. रविवार होता. बंगळूरला फेडरेशन कपची अंतिम लढत, धेंपो विरुद्ध मोहन बागान. आम्ही पाच-सहाजण तिस्कावर एका चहाच्या गाड्याजवळ उभे होतो. एकाच्या मोबाईलवर बंगळूरहून कोणी तरी गोल कळवत होता. क्रिस्तियानो ज्युनियर, ब्राझीलचा, त्याने पहिला गोल मारला आणि पुढे दुसराही. आम्ही नाचलो. गाडेवाल्याने सगळ्यांना मिरचीभजी फुकट दिली.

मग फोन आला तो वेगळाच. दुसरा गोल मारताना तो गोलकीपरवर आदळला आणि उठलाच नाही. थोड्या वेळाने कळलं, गेला. पंचवीस वर्षांचा होता. धेंपोने तो सामना २-० जिंकला आणि दोन्ही गोल त्याचे.

कप गोव्यात आला तेव्हा मिरवणूक कसली काढणार? त्यानंतर धेंपोने १० नंबरचा शर्ट कोणाला दिला नाही. त्याच मोसमात राष्ट्रीय लीग धेंपोने जिंकली, दुसरा आला गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब. आनंदाची बातमी होती, पण बाबांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "तो असता तर." एवढंच. पुढे कितीतरी वर्षं घरात पोरं मॅचला निघाली की आजी देवाजवळ दिवा लावायची. बघायला जाणाऱ्यांसाठी नव्हे, खेळणाऱ्यांसाठी.

सलग सहा वर्षं देशाचं विजेतेपद गोव्यात होतं, हे खरं?

खरं. राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग २००७-०८ला सुरू झाली. पहिली धेंपोने घेतली, दुसरी चर्चिल ब्रदर्सने, मग पुन्हा धेंपो, मग २०१०-११ला साळगावकर, मग धेंपो, आणि २०१२-१३ला परत चर्चिल. सहाच्या सहा गोव्यात. त्याआधीच्या दोन राष्ट्रीय लीग धरून धेंपोची पाच विजेतेपदं झाली. पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, आपला गोंयकार. २००८ साली धेंपो आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला.

आता न विचारलेलं सांगतो. ते विजेतेपद बघायला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर माणसं किती असायची? सुवर्णकाळ म्हणतात तो हाच आणि स्टेडियममध्ये मधल्या मधल्या रांगा मोकळ्या. भर दुपारी, उन्हात, कामाच्या दिवशी सामने. कारखान्यातला माणूस, दुकानातला माणूस येणार कसा? रात्री घरी टीव्हीवर इंग्लंडची लीग, गारव्यात, फुकट. पोरं लिव्हरपूल-मँचेस्टरची झाली ती या वर्षांत. आम्ही जुने लोक त्यांना दोष देत बसलो. दोष त्यांचा नव्हता.

आणि क्लबांनी समर्थकांसाठी फारसं काही केलं नाही, हेही खरंच. शर्ट विकत घ्यावा म्हटलं तर मिळायचा नाही. मी धेंपोचा शर्ट फोंड्यातल्या एका शिंप्याकडून शिवून घेतला होता. त्याने पाठीवरचा आकडा उलटा चिकटवला, तोच घालून मी तीन मोसम काढले.

२०१६ला नेमकं काय झालं?

धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. देशातली मुख्य लीग म्हणून पुढे इंडियन सुपर लीग (आयएसएल) येणार आणि आय-लीग खाली ढकलली जाणार, असा आराखडा भारतीय महासंघाने मांडला होता, त्याचा निषेध म्हणून. धेंपोचं दुःख दुप्पट होतं. २०१५ला खाली घसरला, दुसऱ्या श्रेणीत खेळून ती जिंकून वर आला आणि लगेच बाहेर पडला. त्यात २०१२च्या खाणबंदीपासून खाणवाल्यांचे दिवस आधीच फिरले होते. मालक चुकले का बरोबर, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. सोमवारी पेपरात वाचलं की आता आपला क्लब देशात खेळणार नाही. बस्स.

एफसी गोवा तर पैसेवाल्यांनी एका दिवसात काढलेला क्लब. तो तुमचा कसा झाला?

सुरुवातीला नव्हताच. २०१४च्या ऑगस्टमध्ये क्लब निघाला, ब्राझीलचा झिको प्रशिक्षक, विराट कोहली भागीदार. बाबा म्हणाले, "हा तमाशा आहे, दोन वर्षांत गुंडाळतील." पण सामने रात्री, दिव्यांच्या उजेडात. बायका-पोरं घेऊन जाता येत होतं. आणि क्लबला कुठल्या कंपनीचं नाही, गोव्याचं नाव. चिन्ह गव्याचं, आपल्या राज्यप्राण्याचं. साळगावकरवाला काका आणि धेंपोवाले बाबा एकाच बाजूला बसलेले मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे बघितले. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी.

पुढचं वर्ष म्हणजे २०१५. नोव्हेंबरात मुंबईवर सात गोल, ७-०. २० डिसेंबरला अंतिम सामना फातोर्ड्यालाच, चेन्नईयन समोर. त्यांनी पहिला गोल मारला, चारच मिनिटांत हाओकिपने फेडला. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने दुसरा मारला आणि स्टेडियम उलटायचं बाकी राहिलं. माझ्या शेजारी मडगावचा एक म्हातारा पात्रांव होता, हातात चण्यांची पुडी. त्याने ती माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला.

नव्वदाव्या मिनिटाला आमच्याच गोलकीपर कट्टीमनीचा स्वयंगोल. त्यानंतर दोन मिनिटांत त्यांच्या मेंडोझाचा गोल. ३-२. पात्रांवचे हात बराच वेळ वरच होते. मग त्याने पुडी परत मागितली, काही न बोलता एकेक चणा खाल्ला आणि संपल्यावर कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

एफसी गोवा माझा झाला तो त्या रात्री. जिंकला असता तर कदाचित इतका झाला नसता.

त्यानंतर काही मिळालं की नुसतं रडणंच?

मिळालं. २०१९ला सुपर कप. त्याआधी महिनाभर मुंबईत बंगळूरूकडून आयएसएलची फायनल जादा वेळेत १-०ने हरलो होतो, त्यावर मलम. २०१९-२०ला साखळी फेरीत पहिले आलो, २०२१ला ड्युरँड कप. २०२५ साली सुपर कप दोनदा, मेमध्ये आणि डिसेंबरात. आयएसएलचा करंडक मात्र अजून नाही.

आमच्याशिवायच मोठा सामना झाला, असं तुम्ही म्हणता. म्हणजे काय?

साखळीत पहिले आल्यामुळे एफसी गोवा आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला, भारतातला पहिलाच क्लब. सामने कुठे? फातोर्ड्याला. कधी? एप्रिल २०२१, करोनात, रिकाम्या खुर्च्यांसमोर. कतारच्या अल रय्यानशी पहिला सामना ०-०. इराणच्या पर्सेपोलिससमोर आमच्या बेदियाने गोल मारला, भारतीय क्लबचा त्या स्पर्धेच्या गट फेरीतला पहिला गोल, आणि मैदानावर टाळी वाजवायला त्याचेच सोबती. मी घरी सोफ्यावर उडी मारली तर बायको म्हणाली, शेजारच्या घरी करोना आहे, हळू.

गंमत अशी की करोनाच्या दोन मोसमांत देशाची सगळी आयएसएल गोव्यातच झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. सगळा देश आमच्या दारात खेळत होता आणि आम्ही बहुतेक काळ दाराआड.

रोनाल्डोला बघितलंत?

नाही. २२ ऑक्टोबर २०२५ला त्याचा क्लब अल नासर फातोर्ड्याला आला, तो नाही आला. आम्ही २-१ने हरलो. आमचा गोल ब्रायसन फर्नांडिसचा, आपल्याच मातीतला. म्हणून चाललं.

ईस्ट लोअर म्हणजे काय?

स्टेडियमच्या पूर्वेकडचा खालचा भाग. तिकीट स्वस्त, आवाज जास्त. तिथे बसणाऱ्या समर्थकांनी ईस्ट लोअर आर्मी असं नाव घेतलंय. बसणाऱ्या म्हटलं, पण बसत कोणी नाही. ढोल असतात, झेंडे असतात आणि घोषणा पोर्तुगीज, कोकणी, हिंदी, इंग्रजी अशी खिचडी. "फोर्सा गोवा" म्हणजे जोर लाव गोवा. मराठी? रेफ्रीने आमच्या विरुद्ध पेनल्टी दिली की सत्तरी-डिचोलीची मंडळी जे बोलतात ते अस्सल मराठी असतं, इथे लिहिता येत नाही.

आणि चर्चिलवाले?

ते आपल्या जागेवर ठाम. चर्चिल म्हणजे वार्का, सासष्टी, लाल शर्ट. बाकीचे गेले तेव्हा हा क्लब आय-लीगमध्ये परतला, म्हणून त्यांचा ताठा समजू शकतो. २०२५च्या एप्रिलमध्ये त्यांना आय-लीगचं विजेतेपद जाहीर झालं आणि जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने ते इंटर काशीला दिलं. या विषयावर चर्चिलवाल्याशी बोलायचं असेल तर आधी खुर्ची ओढून बसा. वेळ लागतो.

धेंपोसुद्धा २०२४ला आय-लीगमध्ये परत आला, हेही नोंदवून ठेवा. बाबा आता दोन्हीकडचे आहेत. शर्ट नारिंगी, रुमाल निळा.

पहिल्यांदाच फातोर्ड्याला जायचंय. काय लक्षात ठेवू?

पाण्याची बाटली, लायटर, पॉवर बँक काही नेऊ नका, गेटवर काढून घेतात आणि परत मिळेल याची खात्री नाही. तास-दीड तास आधी पोचा. बाहेर गाड्यांवर रोस आमलेट मिळतं. वरून कांदा-लिंबू घ्या, पाव दोन सांगा, एकाने रस्सा संपत नाही. पांढरा शर्ट घालू नका, कारण वेगळं सांगायला नको. पहिली पंधरा मिनिटं शेजारच्याला काही विचारू नका. हाफटाइमला तोच तुमचं गाव विचारेल. गाव सांगितलं की तिथला एखादा जुना खेळाडू त्याला आठवेल आणि मग दुसरा हाफ तुम्ही अनोळखी राहणार नाही.

परतीच्या बसवर विसंबू नका. सामना साडेनऊला संपतो आणि तोवर फोंड्याकडे जाणारी बस मिळाली तर नशीब. स्वतःची गाडी असेल तर बोरी पुलाच्या अलीकडे जरा हळू चालवा. नारिंगी शर्टातली दोन-तीन पोरं रस्त्याच्या कडेला हात दाखवत उभी असतात, जागा असली तर घ्या त्यांना आत.